नुक्त्याची जागा

माझ्या मुलीचं, शबनमचं लग्न ठरलं आणि पत्रिका छापायचं काम माझ्याकडे आलं. कवी माणसाला घरात दुसरं कोणतं काम देणार? मजकूर लिहा आणि छापून आणा, एवढंच. पत्रिका दोन बाजूंची करायची ठरली. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला उर्दू. आम्ही कोकणातले मुसलमान. घरात बोलतो ती आमची कोकणी बोली, शाळेत शिकलो ते मराठी. गावातल्या निम्म्या लोकांना उर्दू ऐकून कळते, पण वाचता येत नाही. मुलाकडची मंडळी भिवंडीची. त्यांच्याकडे उर्दूशिवाय पत्रिका म्हणजे पत्रिकाच नव्हे. म्हणून दोन बाजू.

उर्दू मजकूर भिवंडीहून मोबाइलवर आला. आमच्या बाजारपेठेतल्या छपाईच्या दुकानात एक पंचविशीतला मुलगा संगणकावर बसतो. हुशार पोरगा. त्याने तो मजकूर आपल्या पडद्यावर उतरवला आणि मला म्हणाला, ‘‘काका, हे असंच असतं का हो?’’ मी चष्मा लावून वाकून पाहिलं. अक्षरं सगळी सुटी पडली होती. एकमेकांचा हात सोडून, जत्रेत हरवलेल्या पोरांसारखी ती ओळीत उभी होती. शिवाय उर्दू उजवीकडून डावीकडे जाते, ही डावीकडून उजवीकडे निघाली होती. मुलीचं नाव वाचायला गेलो तर ‘मनबश’ असं काहीतरी झालं होतं.

फोनाफोनी झाली. भिवंडीहून अक्षराचा फाँट आला, कोणत्या प्रणालीत उघडायचं तेही कळलं आणि तासाभराने त्या पोराने कळ दाबली. अक्षरांनी एकमेकांचे हात धरले, वाकली, उतरली, आपापल्या जागी बसली. तो पोरगा खुर्ची मागे सरकवून पाहतच राहिला. म्हणाला, ‘‘काका, हे तर चित्र आहे.’’

त्या क्षणी मला माझ्या अब्बांची आठवण झाली. आज तुमच्याशी बोलायचं ते त्या अक्षराबद्दल आणि थोडं अब्बांबद्दल.

या अक्षराचं नाव नस्तालिक. अरबी लिपी लिहिण्याच्या अनेक शैली आहेत. त्यांतली नस्ख ही सरळ, स्वच्छ आणि ठाशीव. कुराणाच्या प्रती बहुतेक त्या वळणात असतात. तालिक ही इराणातली लोंबती शैली. या दोन नावांच्या जोडातून नस्तालिक हा शब्द झाला. चौदाव्या-पंधराव्या शतकात इराणात ही शैली आकाराला आली आणि परंपरा तिचं श्रेय मीर अली तबरीझी या सुलेखनकाराला देते. पुढे ती मोगल दरबारात आली, दख्खनच्या सुलतानांकडे आली आणि उर्दूने तर तिला आपला चेहराच करून टाकलं. धर्मग्रंथ नस्खमध्ये आणि गझल नस्तालिकमध्ये, अशी साधारण वाटणीच झाली म्हणा ना.

ज्यांना ही लिपी वाचता येत नाही, त्यांना तिचं रूप कसं सांगू? आपली देवनागरी शिरोरेषेला टांगलेली असते. दोरीवर कपडे वाळत घालावेत तशी. सगळ्यांच्या माना एका रेषेत, पाय खाली मोकळे. नस्तालिकला असा आधारच नाही. तिचा प्रत्येक शब्द उजवीकडे वर सुरू होतो आणि पायऱ्या उतरल्यासारखा डावीकडे खाली येतो. पुढचा शब्द पुन्हा वरून सुरू. विहिरीच्या पायऱ्या बायका घागर घेऊन उतरतात, एकीच्या मागून दुसरी, तसं एकेक ओळीत चाललेलं असतं. उभ्या रेघा आखूड आणि बारीक. आडव्या कमानी मात्र लांब, मध्ये भरलेल्या आणि टोकाला केसासारख्या निमुळत्या.

आणि या सगळ्याला माप आहे बरं का. नाजूक दिसतं म्हणून ते मनाला येईल तसं काढलेलं नसतं. बोरूचं टोक तिरकं कापलेलं असतं. ते कागदावर टेकवलं की एक चौकोनी ठिपका पडतो. तो नुक्ता. सगळ्या अक्षरांचं माप या नुक्त्यावर ठरतं. नस्तालिकमधला अलिफ तीन नुक्ते उंच. कोणत्या कमानीची रुंदी किती, पोट किती खोल, हे सगळं नुक्त्यांत मोजायचं. बोरू जाड असला तर नुक्ता मोठा आणि अक्षरही त्याच प्रमाणात मोठं.

माझे अब्बा कातिब होते. कातिब म्हणजे लिहिणारा. मुंबईत एका उर्दू दैनिकात ते किताबत करत. उर्दू वर्तमानपत्र त्या काळी हाताने लिहिलं जायचं, हे आजच्या मुलांना सांगितलं तर खोटं वाटतं. पण तसंच होतं. बातमीदार बातमी देई, संपादक ती तपासून खाली पाठवी आणि एका लांबट खोलीत जमिनीवर ओळीने बसलेले कातिब तिचे तुकडे वाटून घेत. एक गुडघा उभा, त्यावर लाकडी पाटी, पाटीवर कागद. ओळी सरळ याव्यात म्हणून पुठ्ठ्यावर दोरे ताणून केलेला मिस्तर कागदाखाली धरायचा आणि वरून बोट फिरवायचं. दोऱ्याचा वळ कागदावर उमटतो, त्या वळावर लिहायचं. मथळे लिहिणारा कातिब वेगळा, त्याचा मान मोठा. अब्बा आधी रकाने लिहीत, पुढे मथळ्यांना चढले. मथळ्याला चढले त्या महिन्यात त्यांनी गावी आईला पत्र पाठवलं. मला वाचता येऊ लागल्यावर आईने ते कितीतरी वेळा माझ्याकडून वाचून घेतलं.

त्या पत्रांबद्दल सांगायलाच हवं. आईला उर्दू वाचता येत नव्हती. ती मराठी चौथी झालेली. म्हणून दिवसभर उर्दू लिहिणारे अब्बा रात्री खोलीवर बसून तिला मराठीत पत्र लिहीत. अक्षर देवनागरी, पण हात नस्तालिकचा. ओळ शिरोरेषेवर सुरू व्हायची आणि प्रत्येक शब्द डावीकडून उजवीकडे हलकेच खाली उतरायचा. पुढचा शब्द पुन्हा वर. वेलांट्या लांब, काने आखूड, पोटात भरलेले ‘व’ आणि ‘ब’. आमच्या शाळेतले गुरुजी माझी वही पाहून म्हणायचे, ‘‘अरे, तुझी अक्षरं घसरतात का?’’ मी त्या पत्रांवरून अक्षर गिरवलं होतं, ते त्यांना कसं ठाऊक असणार?

मी बारा वर्षांचा असताना, १९८१च्या मे महिन्यात अब्बांनी मला मुंबईला नेलं. मनात काय होतं ते त्यांनी बोलून दाखवलं नाही. नागपाड्याच्या खोलीत मला एक तख्ती दिली. लाकडाची पाटी, तिला मुलतानी मातीचा लेप. बोरू कापून दिला. पहिल्या दिवशी नुस्ते नुक्ते. दुसऱ्या दिवशीही नुक्ते. आठव्या दिवशी अलिफ. वीस दिवस मी टिकलो. मग कंटाळलो. बोटं काळी व्हायची, गुडघा दुखायचा आणि खोलीच्या खिडकीत बसून मी वहीच्या मागच्या पानांवर मराठी कविता लिहायला लागलो होतो. एका संध्याकाळी अब्बांनी तख्ती पाहिली, वही पाहिली. रागावले नाहीत. तख्ती धुतली, भिंतीला टेकवून ठेवली आणि म्हणाले, ‘‘जे लिहायचं ते लिही. पण नीट लिही.’’ जूनमध्ये मी गावी परतलो. तख्ती पुन्हा हातात घेतली नाही.

आता योगायोग पाहा. त्याच १९८१ साली, सीमेपलीकडे, अब्बांचा धंदा बदलून टाकणारी एक गोष्ट घडत होती. आम्हाला त्याचा पत्ताही नव्हता.

ती गोष्ट कळायची तर आधी एक प्रश्न विचारला पाहिजे. मराठी, बंगाली, तामिळ वर्तमानपत्रं खिळ्यांनी छापली जात असताना उर्दू वर्तमानपत्र विसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत हाताने का लिहावं लागलं? प्रयत्न झाले नाहीत असं नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस चार्ल्स विल्किन्स या इंग्रज अधिकाऱ्याने बंगालीचे खिळे पाडले, तसे नस्तालिकचेही पाडले. फोर्ट विल्यम कॉलेजच्या काळातली काही उर्दू पुस्तकं अशा खिळ्यांनी छापली गेली. पुढे हैदराबादेतही प्रयत्न झाले. पण ते अक्षर लोकांच्या मनात भरलं नाही.

कारण सोपं आहे. शिशाचे खिळे सरळ ओळीत उभे राहतात आणि नस्तालिक सरळ ओळीत चालत नाही. शिवाय प्रत्येक अक्षराचं रूप शेजाऱ्यावर अवलंबून. ‘बे’ हे अक्षर शब्दाच्या सुरुवातीला एक, मध्ये दुसरं, शेवटी तिसरं, इतकंच असतं तर जुळाऱ्याने निभावून नेलं असतं. पण पुढे ‘रे’ आला तर बे वेगळा वळतो, ‘जीम’ आला तर वेगळा, ‘मीम’ आला तर आणखी वेगळा. आणि पुढे किती अक्षरं जोडून यायची आहेत, त्यावर पहिलं अक्षर किती उंचावर सुरू करायचं ते ठरतं. घरात पाहुणे किती येणार ते पाहून पंगत कुठून मांडायची ते ठरवावं, तसं.

मग उर्दूला आधार मिळाला तो शिळाछापाचा. आलोइस झेनेफेल्डर या जर्मन माणसाने १७९६ साली दगडावरून छापण्याची ही रीत शोधली. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत ती हिंदुस्थानात आली आणि रुळली. आपल्या मराठीतही गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मुंबईत पंचांग छापलं ते शिळाछापावरच. मराठी पुढे खिळ्यांकडे गेली. निर्णयसागरच्या जावजी दादाजींनी देवनागरीचे असे सुबक खिळे पाडले की शिळाछापाची गरज उरली नाही. उर्दू मात्र दगडाशीच राहिली. कातिबाने खास कागदावर चिकट शाईने सुलट लिहायचं, ते दगडावर उलटं उतरायचं आणि कागदावर पुन्हा सुलट उमटायचं. हात कातिबाचा, प्रती हजार. उर्दू वाचकाला दुसरं काही नकोच होतं. मधूनमधून नस्खच्या खिळ्यांत पुस्तकं निघाली, पण गझल नस्खमध्ये वाचणं त्याला गणवेश घातलेल्या प्रेयसीला भेटण्यासारखं वाटे.

ही कोंडी फोडली कराचीच्या मिर्झा अहमद जमील यांनी. ते स्वतः सुलेखनकार होते आणि छपाईच्या व्यवसायात होते. त्यांनी एक साधी गोष्ट ओळखली. नस्तालिकमध्ये अक्षर हा घटक नाहीच, अक्षरांचा जोड हा घटक आहे. ‘महाराष्ट्र’ हा शब्द उर्दूत लिहिला तर त्याचे चार तुकडे होतात. ‘म-ह-अलिफ’ एक, मग एकटा ‘रे’, एकटा अलिफ आणि शेवटी ‘श-ट-र’ जोडून. कारण अलिफ आणि रे यांसारखी काही अक्षरं पुढच्याचा हात धरत नाहीत. मग सुटी अक्षरं यंत्राला का शिकवायची? असे तयार जोडच लिहून द्यावेत. इंग्लंडच्या मोनोटाइप कंपनीबरोबर काम करून त्यांनी २० हजारांच्या आसपास जोड तयार केले. प्रत्येक जोड कातिबाच्या वळणाने घडवलेला. वडिलांच्या नावावरून त्या अक्षराला त्यांनी नाव दिलं, नूरी नस्तालिक. १९८१ साली लाहोरचं ‘जंग’ हे दैनिक या अक्षरात निघालं.

आमच्या घरी हे अक्षर आलं ते रद्दीतून. माझा एक चुलतमामा दुबईला होता. तो सुट्टीवर आला तेव्हा चहाचे कप पाकिस्तानी वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन आला होता. अब्बाही तेव्हा ईदला गावी आलेले. कप बाजूला राहिले. अब्बांनी तो चुरगळलेला कागद ओटीवर पसरला, तळहाताने सारखा केला, भिंग आणलं आणि पालथे पडून वाचायला लागले. मला वाटलं, काही मोठी बातमी असेल. थोड्या वेळाने त्यांनी पेन्सिल मागितली. उर्दूत वाक्याच्या शेवटी ‘है’ फार येतो. अब्बांनी एका रकान्यातल्या सगळ्या ‘है’भोवती गोल काढले. सतरा झाले.

‘‘हे हाताचं नाही,’’ ते म्हणाले. ‘‘सतराच्या सतरा सारखे आहेत. माणूस सतरा वेळा सारखं लिहीत नाही.’’

मग पुन्हा भिंग लावलं. बराच वेळ गेला. आणि मग धंद्याविषयी बोलताना ते नेहमी उर्दूत येत, तसे आले. म्हणाले, ‘‘मगर लिखनेवाला उस्ताद है.’’

हे वाक्य मी पुढे आयुष्यभर मनात घोळवत राहिलो. यंत्रातून आलेलं अक्षर पाहून त्यांना पहिल्यांदा यंत्र दिसलं आणि मग यंत्राच्या मागे बसलेला माणूस दिसला. पुढे जे होणार ते त्यांना कळलं होतं का? कळलंच असणार. पण त्या दुपारी त्यांनी आधी दाद दिली.

पुढचं सांगायला फार वेळ लागत नाही. सुरुवातीची ती यंत्रं फार महाग होती, मुंबईच्या छोट्या उर्दू दैनिकांना झेपणारी नव्हती. म्हणून दहा-बारा वर्षं निघाली. १९९४ साली दिल्लीच्या एका कंपनीने ‘इनपेज’ नावाची प्रणाली आणली. ती साध्या संगणकावर चालायची आणि तिच्यात हेच नूरी नस्तालिक होतं. मग वेळ लागला नाही. अब्बांच्या खोलीत ओळीने बसणारे कातिब एकेक करून उठले. काही जण संगणक शिकले. अब्बा अठ्ठावन्न वर्षांचे होते. १९९६ साली ते बोरूंची पेटी, दौत आणि पाटी घेऊन एस.टी.ने गावी आले. मालकांनी निरोपाला शाल दिली. हिशेबाचे काही पैसे द्यायचे राहिले होते, ते राहिलेच.

चेन्नईचं ‘द मुसलमान’ हे १९२७ साली सुरू झालेलं उर्दू दैनिक एकविसाव्या शतकातही कातिब हाताने लिहीत राहिले, हे मी अब्बांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, ‘‘त्यांना सलाम सांग. पण त्यांच्या गुडघ्यांचं काय?’’

गावी आल्यावर अब्बांनी लग्नाच्या पत्रिका लिहिल्या, मशिदीतलं नमाजाचं वेळापत्रक लिहिलं, कबरींवरच्या दगडांसाठी नावं लिहिली. हळूहळू तेही कमी झालं. बाजारात संगणक आला होता. मग ते दुपारी ओटीवर बसून नुसती मश्क करत, म्हणजे सराव. एकच अक्षर पानभर.

मला विचाराल तर या अक्षराचे उपयोग आणि मर्यादा मी अब्बांच्या त्या रिकाम्या दुपारींतच शिकलो. मी म्हणायचो, ‘‘इतकं सुंदर अक्षर सगळीकडेच वापरायला हवं.’’ ते म्हणायचे, ‘‘औषधाच्या बाटलीवर नको.’’ खरंच आहे. नस्तालिकला उंची लागते. दोन ओळींमध्ये मोकळी जागा लागते, नाहीतर वरच्या ओळीचं पोट खालच्या ओळीच्या डोक्याला लागतं. बारीक केलं की नुक्ते एकमेकांत मिसळतात आणि एका नुक्त्याने शब्द बदलतो. म्हणून लग्नपत्रिका, कवितासंग्रह, मथळा, नावाची पाटी इथे ती शोभते. रस्त्यावरच्या फलकाला, गोळ्यांच्या पाकिटाला सरळ नस्ख बरी. मोबाइल आल्यावर हीच अडचण झाली. छोट्या पडद्यावर या उतरत्या ओळी मावेनात, म्हणून कित्येक वर्षं उर्दू लोकांनी एकमेकांचे निरोप नस्खमध्ये वाचले. गेल्या दहा-पंधरा वर्षांत संगणक आणि मोबाइल कंपन्यांनी नस्तालिकचे नवे फाँट दिले, तेव्हा उर्दूचा चेहरा पडद्यावर परत आला. यांतल्या काहींत हजारो तयार जोड नाहीत. कोणतं अक्षर कोणापुढे कसं वळतं याचे नियमच त्यांत बसवले आहेत. कातिबाला जे हाताने ठाऊक होतं, ते आता नियम म्हणून लिहून ठेवलं गेलं, असं म्हणता येईल.

उपयोगाचा हा विवेक आपल्या मराठीलाही लागू आहे. चौकातले फलक पाहा. वळणावळणाचं, झोकदार अक्षर एकदा हाती लागलं की त्याच अक्षरात ‘वाढदिवसाच्या शुभेच्छा’ आणि त्याच अक्षरात ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. अक्षराला आवाज असतो, हे आपण विसरतो. कमल शेडगे यांनी नाटकांची जी नावं रेखाटली, ती आठवून पाहा. प्रत्येक नाटकाचं अक्षर वेगळं, कारण प्रत्येक नाटकाचा आवाज वेगळा.

आणि श्रोतेहो, नस्तालिक काही मराठीला परकी नाही. आपल्याकडच्या दफ्तरांत शतकानुशतकं फारसी आणि मराठी शेजारीशेजारी लिहिली गेली. कलम, दौत, शाई, कागद, लिफाफा, दफ्तर हे शब्द आपण तिथूनच घेतले. चिटणीस, फडणवीस, पारसनीस, सबनीस या आडनावांच्या शेवटी जो ‘नीस’ किंवा ‘नवीस’ आहे, त्याचा फारसीत अर्थ ‘लिहिणारा’. म्हणजे ही सगळी कातिबांचीच भावकी! नस्तालिक भरभर लिहायला लागलं की तिची जी मोडकी, धावती शैली होते, तिला शिकस्ता म्हणतात. शिकस्ता म्हणजे मोडलेली. आणि आपली मराठीची धावती लिपी कोणती? मोडी. नावांचं हे साम्य काही अभ्यासकांनी दाखवून दिलं आहे. मी जेव्हा अब्बांना मोडीतलं एक जुनं खरेदीखत दाखवलं, तेव्हा त्यांना त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं. पण बोट फिरवत ते म्हणाले, ‘‘इथे त्याने बोरू उचलला. इथे शाई संपली. इथे घाई झाली.’’ लिपी न येता त्यांनी माणूस वाचला.

माझा पहिला कवितासंग्रह निघाला तेव्हा मी तो त्यांच्या हातात दिला. त्यांनी मुखपृष्ठावरून हात फिरवला, मधलं पान उघडलं आणि म्हणाले, ‘‘ओळींमध्ये हवा आहे. चांगलं आहे.’’ कवितांबद्दल ते काही बोलले नाहीत. मी थोडा खट्टू झालो. आता वाटतं, त्यांच्याकडून त्याहून मोठी दाद मिळणार नव्हती.

२०११ साली अब्बा गेले. त्यांच्या कबरीवरच्या दगडावर नाव हवं होतं. लिहिणारं कोणी नव्हतं. मी बाजारातून संगणकावर काढून आणलं. त्याच नूरी नस्तालिकमध्ये. पाथरवटाने ते छान कोरलं. मी दगडासमोर उभा राहिलो आणि मला वाईट वाटायला हवं तितकं वाटलं नाही. लिहिणारा उस्ताद आहे, हे त्यांनीच तर सांगितलं होतं. पण माझ्या हाताने ते लिहायला हवं होतं, हेही खरं. वीस दिवसांत मी फक्त अलिफापर्यंत पोचलो होतो.

आता पुन्हा त्या छपाईच्या दुकानात येऊ. पत्रिका तयार झाली होती. मी घरी येऊन अब्बांची पेटी उघडली. मश्कच्या कागदांत एक जाड कागद होता. १९९८ साली शबनम जन्मली, तेव्हा सातव्या दिवशी अब्बांनी तिचं नाव लिहिलं होतं, तो. उर्दूत शबनममधली चारही अक्षरं एकमेकांना जोडलेली असतात. शीन, बे, नून, मीम. शब्द वरून सुरू होतो आणि एका दमात खाली उतरतो. शीनला एरवी तीन दाते असतात. पण कातिबाला वाटलं तर तो दाते न काढता एकच लांब कमान ओढतो. संगणकाने पत्रिकेवर दाते काढले होते. अब्बांनी कमान ओढली होती.

मी तो कागद घेऊन दुकानात गेलो. पोराने तो स्कॅन केला आणि छापील नावाच्या जागी बसवला. बाकीचा मजकूर तसाच ठेवला. मग पडदा मोठा करून पाहिलं आणि म्हणाला, ‘‘काका, एक ठिपका जरा सरकलाय. खालचा. बाकीच्या ठिकाणी बरोबर अक्षराखाली आहे, इथे डावीकडे गेलाय. सरळ करू?’’

मी पाहिलं. तो ‘बे’चा नुक्ता होता. शीनची कमान ओढल्यावर खाली जिथे मोकळी जागा उरली, तिथे अब्बांनी तो ठेवला होता.

मी म्हटलं, ‘‘राहू दे. त्याची जागा तीच आहे.’’

पाचशे पत्रिका छापल्या. मराठी बाजूचा मजकूर मात्र मी संगणकाला दिला नाही. पांढऱ्या कागदावर स्वतः लिहिला. पोराने विचारलं, ‘‘काका, ओळी थोड्या उतरतायत. चालेल ना?’’

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)